झाकणावर ‘९१’ असताना ‘९५’ पेट्रोल भरावे का? कसारा घाटातील आवाज आणि घरातील दुसरी टर्बो गाडी

इंदिरानगरकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आमच्या घरी सध्या दोन पेट्रोल गाड्या आहेत आणि त्यांत कोणते पेट्रोल भरावे यावरून घरात वारंवार वाद होतो, म्हणून येथे सविस्तर विचारत आहे.

पहिली गाडी २०१६ सालची साधी, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेली हॅचबॅक असून ती मीच चालवते. नाशिकमध्ये इंदिरानगरहून गंगापूर रोडवरील शाळेत जायचे आणि परत यायचे, एवढीच तिची रोजची धाव. तिच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस ‘किमान ९१ आरओएन’ (हा पेट्रोलच्या ऑक्टेनचा आकडा) असे छापलेले आहे. महिन्या-दीड महिन्यातून एकदा आम्ही कल्याणला माझ्या माहेरी जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला असला, तरी येताना कसाऱ्याला मावशीकडे थांबायचे असल्यामुळे आमची परतीची वाट अजून घाटातलीच आहे. गेल्या मे महिन्यापासून हा घाट चढताना अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनातून बारीक खणखण ऐकू येते, जणू पत्र्याच्या डब्यात कोणी हरभरे हलवत आहे. चढ संपून इगतपुरी आली की आवाज जातो आणि शहरात तर तो कधीच येत नाही.

दुसरी गाडी यजमानांनी नुकतीच घेतलेली, वापरलेली टर्बो-पेट्रोल आहे. तिच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘९५’ आणि खाली लहान अक्षरांत ‘किमान ९१’ असे लिहिले आहे.

आता सल्ले ऐका. पंपावरचा मुलगा दर वेळी महागड्या नळीकडे बोट दाखवतो. शेजारचे काका म्हणतात की ९५ म्हणजे अधिक शुद्ध पेट्रोल, त्यामुळे इंजिनाचे आयुष्य वाढते. न्यू जर्सीतील धाकटे दीर फोनवर हसतात आणि सांगतात की तिकडे त्यांच्या नव्या गाडीत ८७ भरतात, मग आमच्या गाड्यांना ९१ देखील का पुरत नाही? समजा लिटरमागे आठ रुपये जास्त पडले, तरी पस्तीस लिटरच्या टाकीला २८० रुपये होतात. घाटातील आवाज त्याने खरोखर जाणार असेल तर ते द्यायला माझी ना नाही, परंतु नेमके कशाचे पैसे देत आहे हे मला समजून घ्यायचे आहे.


चाचणीकक्ष (उत्तर)

ताई, प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनांच्या चाचणीकक्षात माझी नोकरी झाली आणि हा आवाज मी पोटापाण्यासाठी ऐकला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ऑक्टेन हा पेट्रोलच्या शुद्धतेचा आकडा नाही आणि ताकदीचाही नाही. स्पार्क प्लगची ठिणगी पडण्याची वाट न पाहता, केवळ दाबाने आणि उष्णतेने पेटण्याला ते पेट्रोल किती विरोध करते, एवढेच तो आकडा सांगतो. सिलिंडरमध्ये ज्योत प्लगपासून सुरू होऊन कडेकडेने पसरत जाते. ती पोहोचण्याआधीच कोपऱ्यातील उरलेले मिश्रण स्वतःहून पेटले, तर दाबाची लाट भिंतींवर आणि पिस्टनवर आदळते. तुमचे हरभरे ते हेच. त्याला नॉकिंग म्हणतात. कधीतरी क्षणभर झाले तर बिघडत नाही, पण घाटभर होऊ दिले तर पिस्टनचा माथा, रिंगा आणि हेड गॅस्केट यांवर त्याचा मार बसतो.

आकडा ठरवण्याची रीत विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात बसवली गेली. आयसोऑक्टेन सहजी नॉक होत नाही, म्हणून त्याला १०० मानले. नॉर्मल हेप्टेन लगेच नॉक होते, म्हणून त्याला शून्य मानले. एका सिलिंडरचे, चालू असतानाच कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) कमीजास्त करता येईल असे खास इंजिन असते. त्यात आपले पेट्रोल घालून त्याची वागणूक या दोहोंच्या कोणत्या मिश्रणाशी जुळते हे पाहतात. ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाशी जुळले, तर ते ९१ चे पेट्रोल.

दीरांच्या हसण्याचे उत्तर येथेच आहे. याच इंजिनावर दोन कसोट्या होतात. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर होते ती सौम्य कसोटी, तिचा आकडा आरओएन; ९०० फेऱ्यांवर, मिश्रण चांगले तापवून होते ती कडक कसोटी, तिचा आकडा एमओएन, आणि तो नेहमी कमी येतो. भारतात आणि युरोपात आरओएन सांगतात, तर अमेरिकेत पंपावर दोहोंची सरासरी लिहितात. त्यामुळे तिकडचे ८७ म्हणजे आपल्याकडचे साधारण ९१ ते ९२. दीर भरतात ते तिकडचे साधे पेट्रोल आहे आणि तुम्ही भरता तेही इकडचे साधेच. वजनाची पावशेर-किलो अशी गल्लत झाली आहे, एवढेच. अमेरिकन व्हिडिओ पाहून येथे सल्ले देणाऱ्या सर्वांनाच हे सांगावेसे वाटते.

काकांच्या म्हणण्याविषयी. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे जास्त उष्णता दडलेली नसते. ते न फुटता अधिक दाब सोसते, म्हणून ज्या इंजिनाची रचनाच अधिक दाबाची आहे त्याला ते लागते. तुमच्या गाडीतील संगणकाला ठिणगी ठरावीक मर्यादेपलीकडे आधी पाडता येत नाही, कारण ती मर्यादा कारखान्याने ९१ धरूनच आखून दिली आहे. म्हणून निरोगी स्थितीत ९५ भरले तरी तिला त्याचा उपयोग करता येत नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. नॉकिंगची थरथर जाणवली की तो संगणकाला कळवतो आणि संगणक ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. उशिराची ठिणगी म्हणजे कमी पिकअप आणि कमी अॅव्हरेज. अशा बिघडलेल्या स्थितीतच जास्त ऑक्टेनचा फरक जाणवतो, आणि नेमका म्हणूनच तो फरक फसवा असतो.

तुमच्या लेखनातील सर्वांत महत्त्वाचा शब्द माझ्या मते ‘गेल्या मे महिन्यापासून’ हा आहे. गाडी २०१६ ची, घाट तोच, तरीही इतकी वर्षे आवाज नव्हता. म्हणजे इंजिनाची गरज वाढली आहे आणि ती का वाढली हे शोधायला हवे. तीन गोष्टी कळवा. आवाज येतो तेव्हा गिअर कोणता आणि वेग किती असतो? तापमानाचा काटा किंवा दिवा काय सांगतो? आणि मे महिन्याच्या आसपास गॅरेजमध्ये काही काम झाले होते का?


सिन्नर_फाटा (उत्तर)

एवढ्या खोलात जाण्याची गरज मला तरी वाटत नाही. मी गेली दोन वर्षे साध्या गाडीत ९५ च भरतो आहे आणि पिकअपमध्ये फरक स्पष्ट जाणवतो. आठ रुपयांकडे पाहून इंजिनाशी खेळ करू नये, असे माझे मत आहे.


पान्हा_बारा (उत्तर)

सिन्नर फाटा साहेब, जाणवतो म्हणता ते खोटे नसेल, पण महाग पेट्रोल भरले की त्या दिवशी आपणही गाडी जरा मन लावून चालवतो. टाकी भरून भरून मोजणी करायची तर तोच रस्ता, तोच टायरचा दाब आणि तीच माणसे हवीत, आणि कोणत्या नळीचे पेट्रोल आहे हे चालवणाऱ्याला ठाऊक नसावे. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी एवढे कोणीच करत नाही.

ताई, मी गॅरेज चालवतो, त्यामुळे माझा विचार हातातील कामावरून सुरू होतो. तुमची रोजची धाव काही किलोमीटरची, तीही सिग्नलवर थांबत-थांबत. अशा गाडीचे इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते आणि पिस्टनच्या माथ्यावर व व्हॉल्व्हवर काजळी बसत जाते. काजळी जागा खाते, म्हणून कॉम्प्रेशन थोडे वाढते. शिवाय ती तापून राहते. दोन्ही कारणांनी इंजिन नॉकिंग करू लागते. पण काजळी एका महिन्यात बसत नाही, ती हळूहळू बसते. एकाएकी आवाज सुरू झाला असेल तर मी आधी प्लग काढून पाहतो, मग कूलंटची पातळी आणि रेडिएटरचा पंखा, आणि त्यानंतर थर्मोस्टॅट. नॉक सेन्सरची वायर उंदराने कुरतडल्याचेही मी दोनदा पाहिले आहे. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येऊन बसतात, हे येथे कोणाला नव्याने सांगायला नको.

भेसळीचा संशय असल्यास पंपावरच फिल्टर पेपर मागावा, तो ग्राहकाचा हक्क आहे. नळीच्या तोंडाचा एक थेंब कागदावर टाकावा. चांगले पेट्रोल उडून जाते, रॉकेल मिसळलेले असेल तर तेलकट डाग मागे राहतो. रॉकेलचे ऑक्टेन अगदी कमी असल्यामुळे त्याने नॉकिंग हमखास होते. घनताही मोजून मागता येते, पण घनतेवरून ऑक्टेन कळत नाही, हे ध्यानात असू द्यावे. तरी तुमचा आवाज फक्त घाटात आणि महिनोन्‌महिने येतो आहे, म्हणून पेट्रोलवर माझा संशय सर्वांत शेवटी जाईल.

एक विनंती. कोणत्याही गॅरेजने पाहता क्षणीच हजारो रुपयांचे ‘डीकार्बनायझेशन’ (काजळी काढण्याचे काम) सुचवले, तर आधी प्लग काढून दाखवायला सांगा.


इंदिरानगरकर

दोघांचेही मनापासून आभार. विचारलेली माहिती देते. आवाज येतो तेव्हा गाडी बहुधा चौथ्या गिअरमध्ये आणि चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने असते, कारण पुढे ट्रक असतात आणि मला सारखा गिअर बदलायचा कंटाळा येतो. गाडीत चौघे जण, सामान आणि एसी चालू. तापमानाचा काटा मध्यावरच असतो. मे महिन्याच्या सुरुवातीस सर्व्हिसिंग झाले होते. त्या वेळी आमचे नेहमीचे गॅरेज बंद असल्यामुळे दुसरीकडे नेली होती. बिलात ‘स्पार्क प्लग चार’ अशी नोंद सापडली. प्लग नवे आहेत म्हणजे त्यांचा दोष नसणार, असे आम्ही धरून चाललो होतो.

आणखी एक शंका. आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे, त्याने ऑक्टेन वाढते असे वाचले. मग यजमानांच्या टर्बो गाडीसाठी वेगळे ९५ भरण्याची गरज उरते का?


पान्हा_बारा

ताई, नवे प्लग हाच माझा पहिला संशय आहे. प्रत्येक प्लगला हीट रेंज असते, म्हणजे तो स्वतःच्या टोकावरील उष्णता किती लवकर बाहेर सोडतो याचे प्रमाण. गरजेपेक्षा गरम प्लग बसला तर त्याचे टोक लालबुंद राहते आणि घाटासारख्या ओझ्याखाली मिश्रण वेळेआधी पेटवायला मदत करते. गोंधळ असा होतो की एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड प्रकारचा होत जातो, तर बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की तो गरम प्रकारचा होतो. कंपनी बदलून आकडा जुळवत बसणाऱ्याचे गणित अगदी उलटे होते. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत प्लगचा पूर्ण क्रमांक दिलेला असतो; बसवलेल्या प्लगवरचा क्रमांक त्याच्याशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा.

दुसरे, चौथ्या गिअरमध्ये चाळीसने घाट चढवणे म्हणजे बैलाला दमल्यावर चाबूक मारण्यासारखे आहे. फेऱ्या कमी आणि ओझे जास्त असले की मिश्रणाला स्वतःहून पेटायला वेळच वेळ मिळतो. तिसऱ्यात टाका. इंजिन ओरडते म्हणून त्याला त्रास होतो असे नाही. ते गुदमरते तेव्हा त्रास होतो.


चाचणीकक्ष

गिअरविषयीच्या मताला माझे पूर्ण अनुमोदन. त्यात मे महिन्याची दुपार मिळवा. घाटाच्या पायथ्याची हवा तापलेली असते, आणि आत जाणारी हवा जितकी गरम तितके नॉकिंग जवळ. उंचीचे मात्र उलटे आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्याने येथील हवा थोडी विरळ आहे. विनाटर्बो इंजिनात ती कमी भरते, दाब कमी होतो आणि ऑक्टेनची गरजही किंचित घटते. म्हणजे ताईंच्या छोट्या गाडीला नाशिकमध्ये ९१ पुरत नाही, असे मानायला काहीच आधार नाही. टर्बो मात्र विरळ हवा दाबून भरून काढतो, त्यामुळे उंचीची ही सवलत त्या गाडीला फारशी मिळत नाही.

आता ई२० विषयी. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा सुमारे १०८ आहे, शिवाय ते बाष्प होताना आसपासची बरीच उष्णता शोषून घेते, म्हणून नॉकिंग रोखण्याच्या कामी ते खरोखरच गुणी आहे. बीएस-६ (भारत स्टेज-६) या प्रदूषणविषयक मानकानुसार साध्या पेट्रोलचे किमान आरओएन ९१ होते. २० टक्के इथेनॉल मिसळल्यानंतर ते ९५ झाल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील निवेदनात सांगितले. त्यामुळे यजमानांच्या झाकणावरची मोठी अक्षरे आणि साध्या नळीतील ई२० यांच्यात पूर्वीइतके अंतर राहिलेले नाही. ‘९५’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेट्रोलला जादा पैसे देताना आज आपण बराचसा भाग इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांसाठी देतो. ती रसायने निरुपयोगी नाहीत, पण त्यांचा नॉकिंगशी थेट संबंध नाही. ‘स्पीड’, ‘पॉवर’ किंवा ‘प्रीमियम’ या नावावरून ऑक्टेन कळते असे समजू नये. नळीवर आकडा लिहिलेला असेल तोच पाहावा.

टर्बोसाठी माझा व्यावहारिक सल्ला असा. शहरात साधे पेट्रोल भरण्यास काहीच हरकत नाही, कारण ‘किमान ९१’ ही अट पुरी होते आणि कमी पडलेच तर नॉक सेन्सर सांभाळून घेतो. उन्हाळ्यात भरलेल्या गाडीने सप्तशृंगी गडासारखा चढ चढायचा असेल, किंवा महामार्गावर सलग जोरात जायचे असेल, तर आकडा छापलेले ९५ भरावे. कारखान्याने मोठ्या अक्षरांत तसे सुचवलेच आहे आणि तेथे त्या आकड्याचा उपयोग होण्याची शक्यता असते. १०० ऑक्टेनचे पेट्रोल दोन्ही गाड्यांच्या दृष्टीने केवळ हौस आहे. इंजिन ऑइल मात्र कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच घाला. थेट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर अकाली पेट घेण्याचा एक वेगळाच, फार घातक प्रकार होतो. त्याचा संबंध ऑक्टेनपेक्षा ऑइलशी अधिक असतो आणि पेट्रोल बदलून तो भरवशाने टळत नाही.

ऑक्टेन आणि इथेनॉल हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हेही येथेच सांगतो. ९५ लिहिले आहे म्हणजे त्यात इथेनॉल नाही, असा समज मी अनेकांचा पाहिला आहे. तो चुकीचा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून अॅव्हरेज थोडे घटते. मंत्रालयाने ही घट ई१० (१० टक्के इथेनॉल) साठी रचलेल्या आणि ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के सांगितली आहे. २०१६ ची गाडी दुसऱ्या गटात धरावी आणि तिच्या रबरी नळ्या व गॅस्केट प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी डोळ्यांखालून घालून घ्यावीत. आपल्याच जिल्ह्यातील ऊस आणि मका इथेनॉलच्या रूपाने टाकीत परत येतो याचे मला कौतुक आहे, पण कौतुकापायी नळी पाहायची राहून जाऊ नये.


सिन्नर_फाटा

चाचणीकक्ष साहेब, मग माझ्या साध्या गाडीत गेली दोन वर्षे भरलेले ९५ पूर्णपणे वाया गेले, असे म्हणायचे का?


चाचणीकक्ष

पूर्णपणे नाही. इंजेक्टर स्वच्छ राहिले असतील. पण तेवढ्यासाठी दर चार-पाच टाक्यांनंतर एकदा भरले असते तरी चालले असते, असे माझे मत आहे.


इंदिरानगरकर (तीन आठवड्यांनंतर)

कळवण्यास उशीर झाला, क्षमस्व. मॅन्युअल काढून क्रमांक ताडून पाहिला. मे महिन्यात बसवलेले चारही प्लग दुसऱ्याच कंपनीचे होते आणि पान्हा बारा दादांनी सांगितल्याप्रमाणेच आकड्याचा घोटाळा झाला होता. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी ते गरजेपेक्षा गरम प्रकारचे असल्याचे सांगितले. काढलेल्या प्लगचे चिनीमातीचे टोक पांढरेफटक पडले होते. मॅन्युअलमध्ये दिलेलेच प्लग बसवले. कूलंटही अर्ध्या लिटरच्या आसपास कमी निघाले, ते भरून घेतले. नॉक सेन्सरची वायर शाबूत आहे, उंदरांनी तेवढी कृपा केली.

गेल्या रविवारी कल्याणहून येताना मुद्दाम साधेच पेट्रोल भरले, माणसे तितकीच, एसी चालू आणि वेळ दुपारी दोनची. घाटाच्या पायथ्यापासून तिसऱ्या गिअरमध्ये आले. आवाज अजिबात आला नाही. मध्ये एका सपाटशा टप्प्यानंतर खात्री करण्यासाठी चौथा टाकून पाय दाबला, तेव्हा क्षणभर दोन-चार हरभरे वाजले आणि लगेच थांबले.


पान्हा_बारा

ते दोन-चार हरभरे सेन्सरने ऐकले आणि ठिणगी मागे घेतली, म्हणून थांबले. म्हणजे सेन्सर काम करतो आहे. ताई, काढलेले प्लग तात्पुरते म्हणूनही डिकीत ठेवू नका, पुढच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी तेच पुन्हा बसवील. आणि कूलंट गेले कोठे, तेही पाहायला हवे. महिन्याभराने पातळी पुन्हा उतरली, तर गाडी रेडिएटरच्या दाबचाचणीसाठी घेऊन जा.